ओपनफोमवर पंप बघताना : उन्हाळा ते दिवाळी वापरल्यानंतरचा अनुभव

बीडाचा इम्पेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं फिरतं चाक, दुसऱ्यांदा खाल्ला गेला आणि पंप कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरनं रिपोर्टवर ‘पाणी क्षारयुक्त, वॉरंटी लागू नाही’ असं लिहून सही केली. त्याच आठवड्यात मी ओपनफोम, म्हणजे पाण्या-हवेचा प्रवाह कॉम्प्युटरवर गणितानं सोडवून दाखवणारं सॉफ्टवेअर, उतरवून घेतलं. आमचं टॉवेलचं प्रोसेस हाउस अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे आणि मेंटेनन्स माझ्याकडे. सोलापूरच्या बोअरचं पाणी जड असतं, हे मला कोणी सांगायची गरज नाही. पण क्षारानं झीज झाली तर ती सगळ्या इम्पेलरवर दिसायला हवी. आमच्या इम्पेलरवर खड्डे फक्त एका ठिकाणी होते: प्रत्येक पात्याच्या पाठीवर, पाणी आत शिरतं त्या कडेपासून बोटभर अंतरावर. बारीक, खोल, कडा धारदार. बाकीचं पातं तुळतुळीत. वर पंप चालू असताना आतून खडी फिरल्यासारखा आवाज. हे कॅव्हिटेशन आहे, म्हणजे दाब फार पडला की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना धातू खातात, हे फिटरसुद्धा सांगेल. ते का होतंय, एवढंच मला बघायचं होतं.

पैशाचं आधीच सांगतो, कारण निर्णय त्यावरच झाला. याच कामाची नावाजलेली व्यावसायिक सॉफ्टवेअर्स वर्षाच्या लायसन्सला लाखांत जातात. एका १५ हॉर्सपॉवरच्या पंपासाठी मालक तेवढे पैसे देणार नाहीत, आणि त्यांनी देऊही नयेत. ओपनफोम २००४ पासून खुलं आहे, लायसन्सची कटकट नाही, कितीही कोअर वापरा. माझ्याकडे सोळा जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप होता. त्यावर लिनक्स टाकलं. चित्रं बघायला पॅराव्ह्यू आणि आकार काढायला फ्रीकॅड, तीही फुकट. तुटका इम्पेलर मधोमध कापून घेतला, व्हर्नियर आणि पत्र्याच्या टेम्पलेटनं पात्याची वळणं मोजली. खर्च झाला तो कापणाऱ्याच्या मजुरीचा.

पहिला वैताग आवृत्त्यांचा. ओपनफोमचे दोन फाटे आहेत. एक डॉट ऑर्गवाला, ज्याच्या आवृत्त्या ११, १२ अशा येतात. दुसरा डॉट कॉमवाला, जो दर जून-डिसेंबरला येतो आणि नावात वर्ष-महिना असतो, जसं २३१२. दोन्हींचं मूळ एकच, पण एकीकडची केस, म्हणजे मांडलेलं गणित, दुसरीकडे तशीच चालेल याची खात्री नाही. ऑर्गवाल्यांनी ११ पासून सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारा प्रोग्राम, चालवायची पद्धतच बदलली. पूर्वीचा सिंपलफोम आता फोमरनला ‘इनकॉम्प्रेसिबल फ्लुइड’ सांगून चालवायचा. इंटरनेटवरचे जुने धडे घेऊन बसलात तर पहिल्याच ओळीला अडकाल. मी डॉट कॉमवाला घेतला आणि त्यालाच धरून राहिलो. नवीन माणसानं एक फाटा निवडावा आणि वर्षभर दुसऱ्याकडे बघू नये.

आणखी दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. फ्रीकॅडमधून एसटीएल फाइल मिलिमीटरमध्ये निघते आणि ओपनफोम मीटर धरतं. हजारानं भागलं नाही तर २०० मिलिमीटरचा इम्पेलर २०० मीटरचा होतो. दुसरी गोष्ट दाबाची. पाण्यासारख्या द्रवाच्या सॉल्व्हरमध्ये जो दाब दिसतो, तो घनतेनं भागलेला असतो, शिवाय सापेक्ष असतो. पात्यावरचा दाब पाण्याच्या बाष्पदाबाशी, म्हणजे ज्या दाबाखाली पाण्याची वाफ होते त्याच्याशी, ताडून बघायचा तर आधी घनतेनं गुणा, मग वातावरणाच्या दाबाची बेरीज धरा. कॅव्हिटेशनसाठी सगळा खेळ या बेरजेचा आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर असल्यानं इथे हवेचा दाब पाण्याच्या उंचीत सुमारे ९.८ मीटर भरतो, किनाऱ्यावरचे १०.३ नाही. आमचा पंप हीट एक्स्चेंजरमधून परत आलेलं, सत्तर अंशाचं गरम पाणी ओढतो. तीस अंशाला पाण्याचा बाष्पदाब अर्धा मीटरही नसतो, सत्तरला तो सव्वातीन मीटरच्या घरात जातो. म्हणजे तीन मीटर तर इथेच गेले.

आता मेशबद्दल, म्हणजे हिशेबासाठी पाण्याची जागा बारीक कप्प्यांत पाडण्याबद्दल. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण माझ्या रात्री यातच गेल्या.

ओपनफोमबरोबर येणारं मेश बनवायचं साधन म्हणजे स्नॅपीहेक्समेश. ते आधी सगळ्या जागेचे चौकोनी कप्पे पाडतं, मग ते पृष्ठभागावर बसवतं, आणि शेवटी भिंतीलगत पातळ थर चढवतं. पहिली दोन कामं ते सुरेख करतं. व्होल्यूटची (पंपाच्या गोगलगायीसारख्या घराची) वाढत जाणारी कमान, नोझल, फ्लँज, सगळं व्यवस्थित. घोडं अडतं थरांपाशी. भिंतीलगत पाण्याचा वेग शून्यापासून झपाट्यानं चढतो. ही चढण तयार सूत्रानं, म्हणजे वॉल फंक्शननं, धरायची तर पहिला कप्पा वाय-प्लस (भिंतीपासूनच्या अंतराचं प्रमाण) ३० ते ३०० मध्ये बसायला हवा, आणि त्यासाठी हे थर सलग लागतात. स्नॅपी सपाट भागावर पाचही थर देतं आणि धारदार कडेजवळ आलं की थर गुंडाळून टाकतं. आमच्या पात्याची आत शिरण्याची कडा पातळ आहे. खड्डे तिच्याच मागे आहेत. सगळ्यात कमी दाब तिथेच पडतो. म्हणजे ज्या बोटभर जागेसाठी मी हा सगळा उद्योग मांडला, नेमकी तीच जागा उघडी! पाच मीटर पाइपवर थर एकदम छान, त्याचा मला काय उपयोग?

माहितीपत्रकात हा विषय दोन परिच्छेदांत संपतो. माझ्या मते त्याला स्वतंत्र पुस्तिका हवी. खूप झटापटीनंतर जे लागू पडलं ते असं. नमुना केसमध्ये थरांसाठीचा फीचर अँगल, म्हणजे किती धारदार कडेला थर थांबवायचे तो कोन, ६० अंश असतो. तो १३० च्या वर नेला की थर कडेला वळसा घालायला तयार होतात. मिनिमम थिकनेस नमुन्यात ०.१ असते, ती बरीच खाली आणली तर थर पूर्ण गळून न पडता बारीक होऊन टिकतात. कडेच्या रेषेवर कप्पे एक पायरी जास्त बारीक करावेत, म्हणजे थर आणि बाहेरचा कप्पा यांच्या जाडीत मोठी उडी राहत नाही. एवढं करून पात्यावर थर आले. केसिंगच्या कटवॉटरवर (बाहेर जाणारं पाणी वेगळं करणाऱ्या जिभेवर) मात्र अजून पूर्ण येत नाहीत. सीएफमेशही वापरून बघितलं, तेही याच आवृत्तीबरोबर मिळतं. त्याचे थर जास्त सलग, पण पात्याची धार ते गोल करून टाकतं. धार गोल झाली की दाबाचा खड्डाही उथळ दिसतो, मग काय कामाचं?

एवढं वाचून कोणाला वाटेल की मी हे घेऊ नका म्हणतोय. पावसाळ्यापर्यंत माझं मत तसंच होतं. दोन तारे देऊन मोकळं व्हावं असं वाटायचं. मत बदललं ते पहिलं धड उत्तर आल्यावर.

चाळीस लाखांच्या आसपास कप्पे, खळबळीसाठी के-ओमेगा एसएसटी मॉडेल, आणि इम्पेलर एमआरएफनं, म्हणजे पाती जागच्या जागी ठेवून फिरण्याचा परिणाम समीकरणात घालून. रात्री लावायचं, सकाळी बघायचं. सोलापूरच्या मे महिन्यात वरच्या खोलीत दिवसा लावायचा प्रश्नच नव्हता, प्रोसेसर तापून आपोआप मंदावतो. आणि इथे या सॉफ्टवेअरनं मला खूश केलं. मध्येच लाइट गेली तरी केस वाया जात नाही. ठरावीक टप्प्यांवर ते उत्तर लिहून ठेवतं. लाइट आल्यावर ‘लेटेस्ट टाइम’पासून पुढे चालू म्हणायचं, बस. यूपीएसचे पैसे वाचले.

हेड, म्हणजे पंप पाणी किती मीटर चढवतो तो आकडा, कंपनीच्या वक्रापेक्षा साधारण तीन मीटर जास्त आलं. ते तसंच यायला हवं होतं. माझ्या मॉडेलमध्ये वेअर रिंगमधून (इम्पेलर आणि केसिंगमधल्या फटीतून) मागे गळणारं पाणी नाही, आणि ओतीव बीडाचा खरखरीतपणाही नाही. वक्राचा उतार जुळला, एवढ्यावर मी विश्वास ठेवला. आणि मग पॅराव्ह्यूमध्ये सक्शन दिसलं. आमच्याकडे जागा वाचवायला पंपाच्या सक्शन फ्लँजलाच एल्बो बोल्ट केलेला आहे. पाणी वळणाच्या बाहेरच्या बाजूला ढकललं जाऊन, पिळत इम्पेलरच्या डोळ्यात, म्हणजे मधल्या तोंडात, शिरत होतं. सहापैकी दोन पात्यांना पाणी वाकड्या कोनात लागत होतं, आणि त्या पात्यांच्या पाठीवरचा निळा, म्हणजे कमी दाबाचा, पट्टा बाकीच्यांपेक्षा लांब होता. इम्पेलर फिरतो तसं प्रत्येक पातं त्या जागेतून जाणार, म्हणजे सगळीच पाती खाल्ली जाणार. कापलेला इम्पेलर मी स्क्रीनशेजारी ठेवला. निळा पट्टा जिथे संपत होता, तिथेच खड्डे संपत होते.

फ्लँज आणि एल्बोमध्ये पाइपाच्या व्यासाच्या पाचपट सरळ तुकडा घालून केस परत चालवली. पट्टा आखूड झाला, सहाही पात्यांवर सारखा झाला. मालकांना दोन्ही चित्रं दाखवली. ते म्हणाले, “एवढंच आहे तर रविवारी वेल्डर बोलवा.” तुकडा बसला. पाइपाचा व्यास कमी करणारा रिड्यूसर एक्सेंट्रिक (एका बाजूनं सपाट) घातला, सपाट बाजू वर, म्हणजे हवा अडकत नाही.

आवाज कमी झाला, पण पाळी संपता संपता परत यायचा. ही गोष्ट सॉफ्टवेअरनं सांगितली नाही. सक्शनवर कंपाउंड गेज (दाब आणि निर्वात दोन्ही दाखवणारं) बसवलं आणि फिटर अण्णांना तासातासाला वाचन लिहायला सांगितलं. सकाळी काटा शून्याजवळ. दुपारी चारपर्यंत शून्याच्या खाली २०० मिलिमीटर पारा. अण्णांनी वही पुढे केली आणि म्हणाले, “साहेब, जाळी काढू का?” सक्शनच्या स्ट्रेनरच्या जाळीत लिंट, टॉवेलमधून सुटणारा कापसाचा तंतू. ओला होऊन तो जाळीवर असा बसतो की हातानं सोलून काढावा लागतो. हिशेब करा: सव्वातीन मीटर बाष्पदाबात गेले, तीनेक मीटर जाळीत गेले, टाकीतली पातळी एक मीटरचा टेकू देते, आणि पंपाला लागणारा एनपीएसएच, म्हणजे सक्शनला बाष्पदाबाच्या वर हवा असलेला दाब, चार मीटरच्या आसपास. शिवाय कंपनी जो एनपीएसएच छापते, तो हेड तीन टक्के पडण्याच्या बिंदूचा असतो. त्या बिंदूला बुडबुडे केव्हाच सुरू झालेले असतात. कागदावर बरोबरीत असलेला पंप आतून खाल्ला जातच असतो.

मग जाळी मॉडेलमध्ये घातली, आणि इथे ओपनफोमची खरी किंमत कळली. जाळीच्या जागी पोरस झोन, म्हणजे प्रवाहाला अडवणारा सच्छिद्र भाग, मांडता येतो, डार्सी-फोर्चहाइमरचे दोन गुणांक द्यावे लागतात. ते पुस्तकात मिळत नाहीत, दोन वेगवेगळ्या प्रवाहांना गेजवरचा फरक वाचून काढायचे. स्वच्छ जाळी, अर्धी चोक, पूर्ण चोक, अशा केसेस चालवल्या. एल्बोपेक्षा चोक जाळीनं पात्यावरचा दाब कितीतरी जास्त खाली नेला. दोन्ही कारणं खरी, पण वजन जाळीचं जास्त. आता दुहेरी स्ट्रेनर आहे, काटा शून्याच्या खाली १०० मिलिमीटरवर गेला की अण्णा बाजू बदलतात.

इंटरफेजचेंजफोम नावाचा, बुडबुडे प्रत्यक्ष दाखवणारा सॉल्व्हरही आहे. माझ्या मशीनवर तो परवडत नाही. २९०० आरपीएमला एक फेरा सुमारे २१ मिलिसेकंदांचा, तो अंशाअंशानं चालवायचा म्हणजे दिवसच्या दिवस. नुसता दाबाचा पट्टा बाष्पदाबाशी ताडून माझं काम भागलं.

कूलिंग टॉवरही यात बसवायला गेलो होतो. हवेचा प्रवाह छान येतो, पण फिलवरचं (पाणी पसरवणाऱ्या आतल्या भरणावरचं) बाष्पीभवन स्वतः मांडावं लागतं, आणि तेवढा वेळ घालण्यासारखं काम नव्हतं. टॉवर वेट बल्बवर, म्हणजे ओल्या थर्मामीटरच्या तापमानावर, चालतो. मेमध्ये पारा चाळिशीपार असला तरी आपली हवा कोरडी, म्हणून टॉवरमधून हवेपेक्षा बरंच गार पाणी मिळतं. श्रावणात हवा गार पण दमट, तेव्हाच आमच्याकडे तक्रारी येतात. हे कागदावरच्या हिशेबात पुरतं.

टर्बाइनची हौस असणाऱ्यांसाठी नॉर्वेच्या एनटीएनयू विद्यापीठानं फ्रान्सिस-९९ या मॉडेलचा आकार आणि मोजमापं खुली केली आहेत. कमी भारावर ड्राफ्ट ट्यूबमध्ये, म्हणजे टर्बाइनमधून पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत, पिळाचा दोर कसा तयार होतो, ते त्यावर बघता येतं. उजनीच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचं वीजगृह असताना आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी हे शिकावं, असं मला मनापासून वाटतं. अजून वेळ मिळाला नाही, पण मी ते करणार आहे.

पाचपैकी चार तारे. एक तारा थरांसाठी कापला, आणि तो मी परत देणार नाही. सर्व्हिसवाल्यांना दोन्ही चित्रं आणि अण्णांची वही पाठवली. पैसे मिळाले नाहीत, पण पुढच्या कोटेशनमध्ये सक्शनला सरळ पाइपाची अट छापून आली. दिवाळीच्या बंदमध्ये पंप उघडला. पात्याच्या पाठीवर नखाला लागेल असा एकही खड्डा नव्हता, म्हणून स्पेअर इम्पेलर मागवला नाही. कटवॉटरच्या टोकावर ज्यांना स्नॅपीनं पाचही थर सलग दिले असतील, त्यांनी आपली सेटिंग आवृत्तीच्या आकड्यासकट लिहावी, मी ती त्याच रात्री लावून बघेन.