इमॅटिनिब ४०० : वर्षभर घेतल्यानंतरचा अनुभव

गोळी काम करते. हे आधी सांगते, कारण नुकतंच निदान झालेला माणूस पहिलं हेच विचारतो. मला सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग आहे, पहिल्या टप्प्यातला. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेल्या होत्या, प्लीहा वाढल्यामुळे दोन घास खाल्ले की पोट भरायचं. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत पेशी ताळ्यावर आल्या आणि जेवण पहिल्यासारखं जायला लागलं.

या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं बिघडलेलं प्रथिन तयार होतं आणि पेशी बेसुमार वाढत राहतात. इमॅटिनिब त्या प्रथिनालाच अडवतं. मात्र औषध रक्तात असेपर्यंतच, त्यामुळे रोजची गोळी रोज घ्यावीच लागते.

आता त्रासाबद्दल. सुरुवातीला मळमळ फार होती. रिकाम्या पोटी ही गोळी घेऊच नये. मी दुपारच्या जेवणात, वरणभात झाल्यावर घेते आणि वर मोठा पेला भरून पाणी पिते. तेव्हापासून मळमळ जवळजवळ गेली. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली पाणी साचल्यासारखी सूज असते, दहा-अकरापर्यंत ओसरते. लोणचं-पापड कमी केल्यावर ती बरीच आटोक्यात आली. पण वजन चार-पाच दिवसांत भराभर वाढलं, पायांवर सूज आली किंवा दम लागायला लागला, तर नुसतं मीठ कमी करून बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. शरीरात साचलेलं पाणी छातीतही उतरू शकतं.

रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, ते मात्र अजून आहेत. पाय ताणून धरला, अंगठा आपल्याकडे ओढला की सुटतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम स्वतःच्या मनाने सुरू करू नका, आधी रक्तात तपासून घ्या. माझी त्वचाही थोडी उजळली आहे. बायका त्याचं कौतुक करतात, पण तोही औषधाचाच परिणाम आहे. उन्हात त्वचा लवकर भाजते म्हणून छत्री घेतल्याशिवाय मी बाहेर पडत नाही.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, ५० हजारांच्या खाली गेल्या. डॉक्टरांनी गोळी थांबवली, दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायला लावली आणि आकडा वर आल्यावर पुन्हा सुरू केली. असं बऱ्याच जणांचं होतं. थांबवणं आणि पुन्हा सुरू करणं दोन्ही त्यांनी ठरवलं, हे महत्त्वाचं. बरं वाटतंय म्हणून किंवा त्रास होतोय म्हणून न सांगता गोळी सोडणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. आजार पुन्हा उसळतो तेव्हा आधी अंगाला काहीच जाणवत नाही, ते फक्त पीसीआरमध्ये, म्हणजे बीसीआर-एबीएलचं प्रमाण मोजणाऱ्या रक्ततपासणीत दिसतं. एखाद्या दिवशी गोळी राहिलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

दुसरी काळजी सोबतच्या औषधांची. ही गोळी यकृतात विघटित होते. टीबीचं रिफाम्पिसिन, फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांनी तिचा असर घटतो. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरचं किटोकोनॅझोल तिचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. ग्रेपफ्रूट वर्ज्य आहे आणि आपलं पपनस त्याच कुळातलं, म्हणून गणपतीतही मी ते खात नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर ते आधी सांगा. तापासाठी पॅरासिटामॉलसुद्धा किती घ्यायची ते विचारून घ्या. आणि काढे! ओळखीपाळखीतून गुळवेल फार मायेने येते. कोरोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. मी हात जोडून नको म्हणते.

खर्चाचं म्हणाल तर आपण नशीबवान आहोत. ग्लिव्हेकच्या, म्हणजे मूळ कंपनीच्या इमॅटिनिबच्या, पेटंटचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. त्या वेळी मूळ औषध महिन्याला लाखाच्या वर जायचं आणि भारतीय कंपन्यांचं साधारण आठ-दहा हजारांत मिळायचं. मी भारतीय कंपनीचंच घेते. कंपनी बदलायची झाली तर डॉक्टरांना सांगून बदलते आणि पीसीआर नेहमी एकाच लॅबमध्ये करते, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतात. तिसऱ्या महिन्यात बीसीआर-एबीएल १० टक्क्यांच्या आत, सहाव्यात १ टक्क्याच्या आत आणि वर्षाला ०.१ टक्क्यापर्यंत यावं अशी अपेक्षा असते. माझे पहिले दोन टप्पे वेळेत झाले.

मुलाचा विचार असलेल्या बायकांनी मात्र दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. गर्भावर या औषधाचा घातक परिणाम होऊ शकतो, आणि अंगावर पाजतानाही ते चालत नाही. गोळी कायमची बंद होईल का, हे सगळेच विचारतात. बरीच वर्षं उपचार होऊन पीसीआरमध्ये बीसीआर-एबीएल सलग अगदी कमी राहिलं, तर काहींची गोळी डॉक्टर बंद करून बघतात, पण सुरुवातीला दर महिन्याला तपासणी लागते आणि साधारण निम्म्या लोकांना गोळी पुन्हा सुरू करावी लागते. माझ्या बाबतीत तो विषय निघायला अजून काही वर्षं आहेत.