गाणं थांबल्यावर तो काय करतो?

मागच्या कोजागिरीला आमच्या मुलुंडच्या सोसायटीने एक गायक आणला. त्यांच्या पत्रकावर ‘गायन व निवेदन एकाच मानधनात’ असं छापलेलं होतं, आणि आमचे खजिनदार पत्रकातलं तेवढंच वाचतात. गाणं वाईट नव्हतं. पण ते संपलं की गृहस्थ बोलायला लागायचे. तबलजीची ओळख करून देताना त्याचं आडनाव चुकलं, सुरेश भटांची गझल दुसऱ्याच कवीच्या नावावर खपवली आणि मसाला दुधावर साय धरेपर्यंत स्वतःचा दुबईचा दौरा ऐकवला. तबलजी बिचारा मधल्या जागा इतक्या छान भरत होता आणि हे मोबाइलवर पुढचं गाणं शोधत होते. माझ्या मोठ्या जाऊबाई कानाशी म्हणाल्या, “गातो तेव्हा बरा आहे गं. थांबला की अवघड होतं.”

हे वाक्य मी त्या रात्री उचललं आणि तेव्हापासून सगळ्यांना लावून बघतेय. गाणाऱ्या माणसांना नाटकात, सिनेमात आणि टीव्हीवर बघायला मी गेली पन्नास वर्षं पैसे मोजलेत. आधी वडिलांचे, मग स्वतःचे. फोर्टच्या एका बँकेत तेहेतीस वर्षं खतावण्या जुळवल्या, त्यामुळे दिलेल्या पैशांत काय मिळालं हे बघायची खोड आहे. तेव्हा हा गिऱ्हाइकाचा अभिप्राय समजा. माल एकच, शास्त्रीय गायक आणि नट राहुल देशपांडे. त्याच्या गाण्यावर मी बोलणार नाही. त्यासाठी पुण्यात पुष्कळ माणसं बसलेली आहेत. मी फक्त तो गात नसतो तेव्हाचं सांगणार. भाच्याच्या वयाचा आहे, म्हणून एकेरी.

सुरुवात मात्र त्याच्या आजोबांपासून करावी लागेल. मी अकरा-बारा वर्षांची असताना वडिलांनी दादरला शिवाजी मंदिरात ‘कट्यार काळजात घुसली’ दाखवलं होतं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, जितेंद्र अभिषेकींचं संगीत. १९६७ साली ‘नाट्यसंपदा’ने रंगभूमीवर आणलं, आणि त्यातले गवई खाँसाहेब म्हणजे राहुलचे आजोबा, वसंतराव देशपांडे. त्या वयात मला तानांतलं काही कळलं नाही. आठवतो तो एक उग्र माणूस, जो गप्प असला की जास्त भीती वाटायची. वडील वन्स मोअर ओरडत होते आणि मी त्यांची बाही धरून बसले होते.

वसंतराव १९८३ साली गेले तेव्हा राहुल चार वर्षांचाही नव्हता. त्यामुळे २०१०मध्ये सुबोध भावेंनी हे नाटक पुन्हा उभं केलं आणि खाँसाहेब राहुल करणार असं ऐकलं, तेव्हा मी नाक मुरडलं. नातू म्हणून मिळालेली भूमिका, दुसरं काय. खाँसाहेबांसमोर गाणारा तरुण गवई सदाशिव महेश काळे करणार होते. म्हणजे दोन्हीकडे पक्के गवई. नाटकाच्या नावाखाली बैठक होणार आणि मधले संवाद आपण गाणं येईपर्यंत सोसायचे, अशी तयारी करूनच बाल्कनीचं तिकीट काढलं.

पहिल्या अंकात माझा अंदाज फारसा चुकला नाही. संवाद म्हणताना राहुल थोडा धावत होता. उर्दू वळणाची वाक्यं लवकर उरकून गाण्यापाशी पोचायची घाई दिसत होती. गाणाऱ्या नटांचा हा जुना रोग. पेटीचा सूर आला की चेहरा उजळतो आणि सूर गेला की माणूस बस चुकल्यासारखा उभा राहतो.

पण शेवटाकडे तो प्रसंग येतो. खाँसाहेबांच्या हातात कट्यार आहे, तिने केलेला एक खून माफ आहे आणि समोर सदाशिव गातोय. इथे खाँसाहेबाला करायला काहीच नाही, फक्त ऐकायचं. आणि इथे मला पहिल्यांदा नट दिसला. राहुलचं ऐकणं गवयाचं होतं. जागा चांगली लागली तेव्हा मान हलायला निघाली आणि त्याने ती आवरली, कारण ज्याला मारायला आलोय त्याला दाद कशी द्यायची? ते आवरणं मला बाल्कनीतून दिसलं. एरवीच्या नटाला हे सांगावं लागेल, की इथे या स्वरावर तुझं मन हललं पाहिजे. याला तो स्वर खरोखरच लागत होता. गवई नट घेण्याचा फायदा मला विचाराल तर गाण्यापेक्षा या मिनिटात आहे.

आता गंमत बघा. २०१५मध्ये ‘कट्यार’चा सिनेमा झाला. रंगमंचावर गाऊन अभिनय करणारे दोघेही पडद्यामागे गेले. राहुलचा आवाज सचिन पिळगावकरांच्या खाँसाहेबाला, महेश काळेंचा आवाज सुबोध भावेंच्या सदाशिवाला. आणि पडद्यावर गायक कोण, तर शंकर महादेवन, सदाशिवाच्या गुरूंच्या, भानुशंकर पंडितजींच्या भूमिकेत, स्वतःच्याच आवाजात. महेश काळेंना त्या सिनेमाच्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. सिनेमा मला आवडला, दोनदा पाहिला. सचिनने मेहनत घेतलीय यात वाद नाही. पण तान चालू असताना मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले आणि शिरा तानेबरोबर हलत नव्हत्या. शंकर महादेवन अभिनय म्हणून फार काही करत नाहीत, हसतात आणि डोळे मिटतात. तरी श्वास त्यांचा आणि सूरही त्यांचाच, म्हणून माणूस खरा वाटतो. शेजारच्या सीटवरचा माझा भाचा म्हणाला, “मावशी, तू सिनेमा बघतेयस की घशाची तपासणी करतेयस?”

आमच्या घरात ही चर्चा जुनी आहे. आजोबा बालगंधर्वांचे भक्त. १९३५ साली शांतारामबापूंनी ‘धर्मात्मा’त बालगंधर्वांना एकनाथ केलं, तेव्हा आजोबा गेले आणि घरी येऊन न जेवता झोपले म्हणे. रंगमंचावर स्त्रीवेशात भामिनी झालेला माणूस पुरुषाच्या वेशात बघवला नाही. पडदा गाण्याला क्षमा करतो, नटाला करत नाही, असं काहीसं ते म्हणायचे. मला ते पूर्ण पटत नाही, पण ‘मी वसंतराव’ बघायला जाताना मनात तेच होतं.

हा सिनेमा १ एप्रिल २०२२ला आला, पाडव्याच्या आदल्या दिवशी. दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी. राहुलने संगीत दिलं, गायला, आणि स्वतःच्या आजोबांची भूमिकाही केली. एका माणसावर इतका बोजा म्हणजे लेखापरीक्षणात शेरा मारावा अशीच बाब. सिनेमा तीन तासांच्या घरात जातो, आणि तो अर्ध्या तासाने कमी झाला असता तर बरं झालं असतं. तरुण वसंतरावांच्या भागात चाळिशीचा राहुल मला पटला नाही. चेहऱ्यावरचा कोवळेपणा मेकअपने येत नाही. आईच्या भूमिकेत अनिता दाते समोर असली की तो अजूनच लपतो, कारण तिचं मौन त्याच्या संवादांपेक्षा भारी पडतं. नवऱ्याचं घर सोडून मुलाला एकटीने वाढवणारी ती बाई सबंध सिनेमाभर माझ्या डोक्यात राहिली.

पण वसंतराव लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करायचे, तो भाग आला आणि मी खुर्चीत सरसावून बसले. इथे गाणं नाही. फायली, सही, साहेब. या भागात राहुल उत्तम आहे. खांदे थोडे पडलेले, बोलणं बेताचं, आणि आत काहीतरी चालू असल्याचा तो सुटलेला चेहरा. मी तेहेतीस वर्षं असे चेहरे पाहिलेत. आमच्या शाखेत एक हेडक्लार्क होते, व्हाउचर तपासताना टेबलाखाली पायाने झपताल धरायचे. घरी येऊन मी भाच्याला सांगितलं, तर तो म्हणाला, राहुल देशपांडे स्वतः चार्टर्ड अकाउंटंट आहे. मग कळलं. आजोबा हिशेब खात्यात, नातू सीए. ती खुर्ची त्याने शिकून आणलेली नव्हती.

पु. लं.च्या भूमिकेतला पुष्कराज चिरपुटकर आणि राहुल यांच्यातले प्रसंगही छान. दोन मित्र बोलताहेत, एक थट्टा करतोय, दुसरा ऐकून घेतोय. मास्टर दीनानाथ झालेला अमेय वाघ थोडाच वेळ येतो आणि भाव खाऊन जातो. या सिनेमासाठी राहुलला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पार्श्वगायक! स्वतःच्याच तोंडाला स्वतःचाच आवाज दिल्याबद्दल. नियमात बसतं, मान्य आहे, पण मला हसू आलं.

‘अमलताश’ २०२४मध्ये आला, सुहास देसलेंचा. शेरवानी नाही, घराणं नाही, आजच्या काळातला साधा माणूस. मी सकाळच्या खेळाला गेले तर थिएटरात मोजून नऊ जण. त्याच्याबद्दल एवढंच सांगते की इथे तो कुणाचा नातू नव्हता आणि त्यामुळे मोकळा होता. सिनेमा संथ आहे. आमचे हे मधेच झोपले.

आता नाटकाकडे परत. ‘संगीत संशयकल्लोळ’, देवलांचं, शंभर वर्षांहून जुनं. २०१८मध्ये ते पुन्हा आलं तेव्हा फाल्गुनराव प्रशांत दामले आणि अश्विनशेठ राहुल. मी जाऊबाईंना घेऊन गेले. या दोघांना एका रंगमंचावर बघणं हाच मुळात एक धडा होता. दामले अभिनयाकडून गाण्याकडे आलेले. २०२२च्या नोव्हेंबरात षण्मुखानंदला त्यांनी १२,५००वा प्रयोग केला, म्हणजे रंगमंच त्यांच्या घराची ओसरी. राहुल गाण्याकडून अभिनयाकडे आलेला. दामले ओळ टाकतात आणि हशा संपायच्या नेमक्या आधी पुढची ओळ उचलतात. यालाच आम्ही गाण्यात समेवर येणं म्हणतो. राहुल ‘मृगनयना’त समेवर येतो ते अचूक, पण हशाच्या समेवर मी पाहिलेल्या प्रयोगात तो दोनदा उशिरा आला. एकदा तर पुढची ओळ हशात बुडून गेली. विनोदाचा ताल वेगळा असतो आणि तो प्रेक्षकांच्या हातात असतो, तिथे ठेका देणारा साथीदार नसतो. तरी त्याने एक गोष्ट फार चांगली केली. दामले फाल्गुनरावाचा गोंधळ घालत असताना तो बाजूला उभा राहून खरोखर बघत होता. स्वतःच्या पदाची वाट बघत नव्हता. जाऊबाई म्हणाल्या, “हा थांबला तरी चालतो गं.” त्यांच्याकडून ही मोठी दाद.

त्या दिवशीची एक तक्रार आहे, तीही नोंदवते. ध्वनियंत्रणा अशी होती की ऑर्गन डाव्या कानात आणि गायक कुठेच नाही. नाट्यगृहाचं नाव घेत नाही, कारण मुंबईत ही तक्रार एकाच नाट्यगृहाची नाही. संगीत नाटकाला माईक कसा लावायचा हे सांगणारा माणूस ठेवा आणि त्याला पगार द्या, इतकंच. बटाटावडा मात्र गरम होता.

राहिलं सूत्रसंचालन. राहुल मैफलीत बोलतो, एखादी बंदिश कुठून आली ते सांगतो, आणि घरच्या ओसरीवर बसल्यासारखं सांगतो. पण टीव्हीवर समोरच्या माणसाला बोलतं करणं हा वेगळा धंदा. तिथे मी गायकांतून अवधूत गुप्तेला वर ठेवीन. मुळात ‘ऐका दाजिबा’वाला, मग ‘सारेगमप’चा परीक्षक, मग राज ठाकरे शिवसेनेतून बाहेर पडले त्या फुटीवर ‘झेंडा’ सिनेमा काढणारा दिग्दर्शक. आणि ‘खुपते तिथे गुप्ते’चा यजमान. २०२३च्या जूनमध्ये कार्यक्रम परत आला तेव्हा पहिल्याच भागात समोर राज ठाकरे. आता ज्याने ‘झेंडा’ केला त्याने या माणसाला प्रश्न विचारायचे म्हणजे पंचाईतच. मला आवडलं ते हे, की प्रश्न टाकल्यावर गुप्ते थांबतो. समोरचा गप्प झाला तरी घाबरून पुढचा प्रश्न टाकत नाही. बाकीच्या कार्यक्रमांत सूत्रसंचालक दोन सेकंदांची शांतता दिसली की तिच्यावर विनोद फेकतात, जसे काही लोक रिकामी खुर्ची दिसली की पिशवी ठेवतात. गुप्तेचे खोडकर प्रश्न कधीकधी चाकोरीतले वाटतात, भावुक संगीतही नको तेवढं वाजतं. पण थांबता येतं त्याला.

परवा सोसायटीची सभा झाली. यंदाच्या कोजागिरीला पुन्हा तेच: गायकच निवेदन करणार, वेगळे पैसे नाहीत. या वेळी फोन करायचं काम मी मागून घेतलं. पलीकडच्या गृहस्थांनी मानधन सांगितलं, गाण्यांची यादी सांगितली, धूर सोडायचं मशीन हवं का विचारलं. मी म्हटलं, “धूर नको. एवढंच सांगा, तबल्याचा तुकडा चालू असतो तेव्हा तुम्ही काय करता?”

थोडा वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, “पाणी पितो, मॅडम.”

निदान खरं बोलले. निम्मे पैसे आगाऊ पाठवलेत, पावती जपून ठेवली आहे.