काटा ११५ वर, आणि प्लगच्या भोकात तेल

जुनं आऊटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, घ्यायला निघालेल्यांसाठी लिहितोय. समोरचा जर म्हणत असेल की "फुल बनवलंय, रिबोअर मारलाय, हवं तर कॉम्प्रेशन बघून घ्या", तर आधी हे वाचा. रिबोअर म्हणजे सिलिंडरचं भोक (बोअर) कापून थोडं मोठं करून त्यात मोठे पिस्टन घालणं, आणि कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते. कॉम्प्रेशन मी बघूनच घेतलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत गेजचा काटा ११५ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप) गेला, वरच्या सिलिंडरला आणि खालच्यालाही.

देवबागला कर्लीच्या खाडीत आमची फायबरची होडी आहे. सीझनला पर्यटकांना संगमापर्यंत आणि समुद्र बरा असला तर डॉल्फिन दाखवायला बाहेर नेतो. मशीन हवं होतं यामाहा एन्ड्युरो ४०, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. आपल्याकडे हे कुठल्याही बंदरात चालताना दिसतं, त्यामुळे म्हातारं झालं तरी त्याला भाव असतो. जुनी मशीनं घ्यायची आणि विकायची, हाच धंदा असलेल्या एकाकडे हे मिळालं. फोनवर त्याने एका वर्कशॉपच्या बिलाचा फोटो पाठवला: "बोअर ८०.५० मिमी, ०.५० ओव्हरसाइज पिस्टन २ नग". या मशीनचा मूळ बोअर ८० मिलिमीटरचा, म्हणजे हिशोब अगदी बरोबर.

आम्ही पोचलो तेव्हा मशीन स्टँडवर होतं, वरून ताजा रंग, दोन्ही स्पार्क प्लग काढून फडक्यावर ठेवलेले. "दादा, तुमचा वेळ नको जायला, म्हणून तयारच ठेवलंय." गेज त्याचाच. थ्रॉटल फुल उघडला, इंजिन चालू होऊ नये म्हणून किल-स्विचची क्लिप काढली, काटा थांबेपर्यंत दोरी ओढली. सगळं रीतसर. मग ड्रममध्ये चालू करून दाखवलं तेव्हा निळा धूर असा निघाला की शेजारची होडी दिसेना. "नव्या रिंगा आहेत, रनिंग-इनला धूर करणारच." तेही तसं खोटं नाही. नवीन बनवलेल्या टू-स्ट्रोकला सुरुवातीला २५:१ असं (२५ भाग पेट्रोलला एक भाग तेल) दाट मिश्रण देतात, ते धूर करतंच. नव्वद हजार मोजले आणि मशीन टेम्पोत टाकलं.

घरी आल्यावर रिकामी होडी छान पळाली. माणसं बसली की मात्र नाक वर करून नांगरत राहायची, पुढे उठेचना. संगमाजवळ वाळूचा बार आहे. तिथे लाट मागून येते तेव्हा मशीनने उचललंच पाहिजे. एका दुपारी तिथेच मशीनचा आवाज बसला, होडी आडवी व्हायला लागली. वल्हं मारून आणि भरतीच्या कृपेने आत आलो. पर्यटक नव्हते म्हणून हे एवढ्या शांतपणे लिहू शकतोय.

मालवणातल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे मशीन नेलं. त्यांनी आधी दहा मिनिटं चालवून गरम केलं, मग प्लग काढले, प्लगच्या भोकात आट्यांनी घट्ट बसणारा स्वतःचा चुडीचा गेज लावला. वरचा १०८. खालचा ६५. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर मशीन उघडायचंच, असं मिस्त्री लोक धरतात. इथे फरक चाळीस टक्क्यांचा.

"आता बघ हां मजा," काका म्हणाले आणि खालच्या भोकात चमचाभर टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल सोडलं. दोरी ओढली. काटा ११५.

मला तिथेच घाम फुटला. आऊटबोर्डचे सिलिंडर आडवे असतात. आत सोडलेलं तेल दोन-चार वेळा दोरी ओढली की पिस्टनच्या रिंगांभोवती पसरतं, फटी बुजवतं आणि मेलेलं इंजिन गेजपुरतं जिवंत होतं. मिस्त्री हे निदानासाठी करतात. कोरडं रिडिंग कमी येऊन तेलाने चढलं तर दोष रिंगा, पिस्टन नाहीतर बोअरचा. तेल टाकूनही हललं नाही तर आधी हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाखालची पट्टी, बघायचं. त्या माणसाने दुसरी चाचणी मला पहिली म्हणून दाखवली होती. प्लग आधीच काढून ठेवलेले का होते आणि एवढा धूर कुठून आला, दोन्हीचा उलगडा झाला.

मग हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण. काकांनी बोल्टांवर टॉर्च मारला. वरचा ताजा रंग खरवडल्यावर खाली कंपनीचा जुना रंग बोल्टच्या डोक्यावरून हेडवर सलग उतरलेला, पान्याचा ओरखडासुद्धा नाही. "ह्या मशीनाक रिबोअर कोणी मारल्यान, देवान? बोल्ट कंपनीत आवळलेलो, तो आज सुटता हा." सुटला म्हणजे काय, खाऱ्या पाण्याने धरलेले दोन बोल्ट तुटलेच. ते ड्रिल करून काढण्यातच एक दिवस गेला.

आत पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा जाड थर. पुसल्यावर ओव्हरसाइजचा आकडा कुठेच नाही. रिबोअर झाला असता तर पिस्टनवर ०.५० कोरलेलं दिसलं असतं आणि बोअरमध्ये होनिंगच्या (घासून केलेल्या फिनिशिंगच्या) आडव्या-तिडव्या रेघा. खालच्या बोअरमध्ये उभे ओरखडे होते आणि पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम एका बाजूला चिकटलेलं. बोअर गेज लावला, ८०.१२. बिलात ८०.५० होतं. कापून मोठा केलेला बोअर परत लहान होत नाही, त्यामुळे वाद घालायला जागाच नाही.

पुढचं काम नीट केलं. आधी पिस्टन आणले, मग ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवले, म्हणजे हातातल्या पिस्टनच्या मापाने बोअर कापला जातो. काकांनी नुसते पिस्टन बदलून मशीन बंद केलं नाही, हे मला आवडलं. खालचा सिलिंडर का जळला ते त्यांनी शोधलं. पाण्याचे मार्ग मिठाने गच्च झाले होते आणि क्रँकचा खालचा ऑइल सील गेलेला. टू-स्ट्रोकमध्ये तिथून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन भाजतो. हे तसंच ठेवलं असतं तर नवीन पिस्टनही गेला असता. इम्पेलर (थंड पाणी फिरवणारा पंखा), सील, बेअरिंगा, गॅस्केट सगळं धरून मशीनच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च आला.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा मशीन थंड आणि प्लग बसवलेलं पाहिजे, असं फोनवरच सांगून ठेवा. आधी ड्रममध्ये दहा मिनिटं चालवा, भसाभस धूर निघून जाऊ दे, मग प्लग तुम्ही स्वतः काढा. गेज आपला न्या. मोबाइलला लागणारा बारीक वायरचा कॅमेरा स्वस्तात मिळतो, तो भोकातून घातला की पिस्टनचा माथा आणि बोअर दोन्ही दिसतात. आणि बिलावरच्या वर्कशॉपला फोन करा. मी नंतर केला. ते म्हणाले, हा बिल नंबर आमच्या पुस्तकातच नाही.

विकणाऱ्याचं उत्तर एका ओळीचं होतं: "सेकंड हँडला गॅरंटी नसते." मग नंबर ब्लॉक. हमी मी मागतच नव्हतो, खोट्या बिलाबद्दल बोलत होतो. दोन्ही रिडिंग, बोअरचं माप आणि बिलाचा फोटो लावून पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. फसवणुकीला आता जुन्या ४२० ऐवजी भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम लागतं. जुने पिस्टन भंगारात दिलेले नाहीत, पिशवीत बांधून ठेवलेत.

गेल्या आठवड्यात एका मित्राने विक्रीची जाहिरात पाठवली. दुसरं मशीन, तोच ताजा रंग, "कॉम्प्रेशन १२०-१२०". खाली बिलाचा फोटो जोडलेला होता, माझ्याच बिलाचा, फक्त तारीख बदललेली.