स्विटार की यव्हार? बोलेक्सवाल्यांसाठी

जुना बोलेक्स एच१६, म्हणजे १६ एमएम फिल्मचा मूव्ही कॅमेरा, हातात आला की पहिला प्रश्न हाच, २५ एमएमची लेन्स कुठली लावायची, स्विटार की यव्हार? दोन्ही केर्न कंपनीच्या, स्वित्झर्लंडमधल्या आराउच्या, दोन्ही सी-माउंट, म्हणजे कॅमेऱ्यावर स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या.

स्विटार एफ/१.४ आणि यव्हार एफ/२.५. एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त. आकडे जवळचे वाटतात पण स्विटार पूर्ण उघडी ठेवली की तिप्पट उजेड आत येतो, म्हणजे संध्याकाळी घरात दिव्याच्या उजेडात वाढदिवस शूट करायचा असेल तर यव्हार तिथे थांबते आणि स्विटार चालत राहते. मागचं बॅकग्राउंड पण ती मस्त विरघळवते. यव्हार साधी ट्रिप्लेट म्हणजे तीन काचांची, छोटी, हलकी, आणि खरं सांगू का, भर उन्हात एफ/८ ला दोघींत फरक शोधून दाखवा! किंमत तर बरीच कमी.

आता एक गोष्ट लोक विसरतात. १९५६ पासूनच्या रिफ्लेक्स बोलेक्समध्ये (ज्यात लेन्समधूनच चित्र बघता येतं) लेन्सच्या मागे प्रिझम असतो, त्यामुळे ५० एमएम किंवा कमीच्या लेन्सवर आरएक्स (म्हणजे या प्रिझमसाठी बनवलेली) लिहिलेलं बघूनच घ्या, नाहीतर साधी स्विटार एफ/१.४ ला मऊ दिसते आणि दोष मात्र बिचाऱ्या लेन्सला. बिगर-रिफ्लेक्स बॉडीवर उलट, तिथे आरएक्स नको.

आणि लेन्सच्या आत बुरशी आहे का ते टॉर्च लावून बघा, आपल्या पावसाळ्यात ती फार पटकन धरते.

माझं मत, रिफ्लेक्स असेल तर स्विटार आरएक्स, थोडं थांबून पैसे साठवून घ्या. फक्त उन्हातलंच शूट करणार असाल तर यव्हार बिनधास्त.