जिन्याचं फायर डोअर: कायम बंद की चुंबकावर उघडं?

इमारतीची दारं ठरवताना एक प्रश्न हमखास मागे राहतो आणि शेवटच्या बैठकीत घाईघाईने उरकला जातो. जिन्याची आणि पॅसेजची फायर डोअर्स, म्हणजे आग आणि धूर अडवणारी दारं, नुसत्या डोअर क्लोजरवर सोडायची का? म्हणजे ढकलून गेलं की आपोआप लागणारी, एरवी कायम बंद. की भिंतीला चुंबक लावून ती दिवसभर उघडी ठेवायची आणि अलार्म वाजला की सुटू द्यायची? मी एकाच इमारतीत आधी पहिला प्रकार केला आणि काही वर्षांनी निम्म्याच्या आसपास दारांना दुसरा. त्यामुळे दोन्हींबरोबर राहून झालं आहे. दार आगीत किती मिनिटं टिकणारं हवं, चौकटीत उष्णतेने फुगणारी पट्टी कुठली हवी, हे तुमच्या नियमावलीत असतंच. त्यात शिरत नाही.

क्लोजरच्या बाजूने बोलायला खूप आहे. त्याला वीज लागत नाही, वायर लागत नाही, अलार्मच्या पॅनलशी जोडणी लागत नाही. स्प्रिंग आणि तेल, बस्स. शिवाय दार बंदच असल्यामुळे आग लागते त्या क्षणीही ते बंद असतं. डिटेक्टरला धूर कळेपर्यंतची मधली मिनिटं फुकट जात नाहीत. कागदावर याच्यापेक्षा चांगली व्यवस्था नाही, असं मला वाटायचं. अजूनही कागदापुरतं तसंच वाटतं.

मग आली पाचर.

सात मजले, दोन जिने, चौदा दारं. इमारत वापरात येऊन वर्ष झालं असेल, मी सहज बघायला गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्याच्या दाराखाली लाकडाची पाचर होती. घाईत सरकवलेला तुकडा नव्हता तो. कोणीतरी नीट तासलेली, वापरून वापरून कडा गुळगुळीत झालेली पाचर होती. तिला भोक पाडून सुतळी ओवली होती आणि सुतळीचं दुसरं टोक दाराच्या मुठीला बांधलं होतं, हरवू नये म्हणून. खाली फरशीवर तिच्या घासण्याने पांढुरका पट्टा उमटला होता. दुसऱ्या मजल्यावर पाचरही नव्हती. दाराला अग्निशामक सिलिंडरच टेकवला होता.

मी पाचर काढून घेतली, पाटी लावली, सगळ्यांना चिठ्ठी पाठवली. आठवड्याने नवी पाचर. ती काढली, तर पुठ्ठ्याची घडी. ती काढली, तर लॅचवर चिकटपट्टी, म्हणजे दार लागलंय असं दिसावं पण अडकू नये. सहा-आठ महिने हेच चाललं होतं, आणि मी रहिवाशांच्या बेफिकिरीवर मनातल्या मनात चिडत होतो. एक दिवस त्याच मजल्यावर थांबून फक्त बघत बसलो. वॉकर घेऊन चालणाऱ्या एक आजी आल्या. दोन्ही हात वॉकरवर. दार ढकलायला एक हात सोडला की तोल जाणार, म्हणून त्या दाराला पाठ लावून उलट्या सरकल्या. अर्ध्यात आल्या आणि दार परत त्यांच्याच अंगावर आलं. त्यांच्या मागे दोन्ही हातांत पिशव्या घेतलेला एक मुलगा, त्याच्या मागे लहान मुलाची ढकलगाडी. अर्ध्या तासात तेवीस जण त्या दारातून गेले. त्यातल्या प्रत्येकाला दिवसातून चार वेळा हे करायचं असेल, तर पाचर येणारच. चूक माझी होती. दाराची जागा आणि वर्दळ यांचा विचार न करता मी सगळीकडे एकच उपाय लावला होता.

क्लोजर सैल केला तर? तेही करून पाहिलं. युरोपीय मानकात क्लोजरच्या ताकदीचे १ ते ७ असे टप्पे आहेत आणि फायर डोअरला ३ च्या खालचा चालत नाही. त्याला कारण आहे. सैल क्लोजर दार चौकटीपर्यंत आणतो, पण शेवटचं बोटभर अंतर ओलांडून लॅच अडकवत नाही. लॅच न बसलेलं दार आगीच्या बाजूचा दाब वाढला की हळूच उघडतं. जिन्यात पंख्याने हवेचा दाब ठेवलेला असेल तर गणित आणखी अवघड होतं. मजल्यावरून जिन्याकडे उघडणारी दारं या दाबामुळे ढकलायला जड जातात आणि तळमजल्यावरचं बाहेर उघडणारं दार नीट मिटत नाही. अमेरिकी नियमांत दार जागचं हलवायला १३३ न्यूटनपेक्षा जास्त जोर लागू नये अशी मर्यादा आहे, म्हणजे साधारण साडेतेरा किलोचा रेटा. धडधाकट माणसाला तो किरकोळ वाटेल. आजींना विचारा.

पाचर नुसती चिडचिड म्हणून मी सोडूनही दिली असती. पण एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या सामानाच्या खोलीत चार्जरला लावलेल्या बॅटरीने पेट घेतला. आग फार मोठी नव्हती, सिलिंडरवर भागलं, कोणाला इजा झाली नाही. दुसऱ्या मजल्याचं जिन्याचं दार मात्र उघडं होतं. सगळं शांत झाल्यावर मी जिना चढत गेलो. चौथ्या मजल्याचं दार बंद होतं. जिन्याच्या बाजूने ते काळवंडलं होतं. उघडून आत गेलो तर पॅसेजची भिंत पांढरीशुभ्र, फक्त चौकटीच्या वरच्या कडेला पेन्सिलीने ओढावी तशी एक काळी रेघ. सहाव्या मजल्याचं दार पाचरीवर उघडं होतं. तिथल्या पॅसेजच्या छतावर काजळीचा थर बोटाला लागत होता आणि घरांच्या दारांखालून धूर आत गेला होता. आग दुसऱ्यावर, आणि खोकत बाहेर आले ते सहाव्यावरचे लोक. जिना म्हणजे धुरासाठी धुराडंच: गरम धूर वर चढतो आणि उघडं दार दिसेल तिथे वळतो. हे मी शिकलो होतो, इतरांना समजावलंही होतं. त्या दिवशी ते बोटाला लागलं.

बंदिस्त जिन्याचा आग्रह आला तोच अशा अनुभवांतून. अटलांटातल्या वाइनकॉफ हॉटेलची जाहिरात 'पूर्णपणे अग्निरोधक' अशी होती. १९४६ च्या डिसेंबरमध्ये तिथे आग लागली आणि ११९ माणसं गेली. पंधरा मजल्यांना जिना एकच, आणि तोही बंदिस्त नव्हता. इमारत आजही उभी आहे. अगदी अलीकडचं उदाहरण न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधलं, ९ जानेवारी २०२२ चं. एकोणीस मजली इमारतीत खालच्या मजल्यावरच्या एका घरात विजेच्या हीटरमुळे आग लागली. ज्वाळा त्या घराच्या आणि लगतच्या पॅसेजच्या पलीकडे फारशा गेल्या नाहीत. पण घराचं दार आपोआप बंद व्हायला हवं होतं, ते उघडंच राहिलं. वर पंधराव्या मजल्यावर जिन्याचं दारही उघडं होतं. धुराने १७ जणांचे जीव घेतले, त्यात ८ मुलं. हे उदाहरण मी चुंबकाच्या बाजूने वापरणार नाही, कारण तिथे प्रश्न बिघडलेल्या, उघड्या राहिलेल्या दारांचा होता आणि चुंबकावरचं दारही शेवटी क्लोजरच मिटवतो. पण 'क्लोजर लावलाय, आता बघायला नको' म्हणणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं.

आता चुंबक. रचना सोपी आहे. भिंतीवर बहुधा २४ व्होल्टवर चालणारं विद्युतचुंबक, दारावर लोखंडी चकती, आणि दाराला क्लोजर असतोच. वीज आहे तोवर दार धरून ठेवलेलं. अलार्म झाला, वीज गेली, वायर तुटली किंवा जवळचं बटण दाबलं की चुंबक सोडतो आणि क्लोजर दार मिटवतो. बिघाड झाला तरी दार बंदच होतं, हा त्याचा मोठा गुण. रोजच्या वापरात दार आडवंच येत नाही, त्यामुळे क्लोजर पुरेशा ताकदीचा ठेवता येतो आणि त्यावरून कोणाशी भांडण होत नाही. मात्र अलार्मनंतर बाहेर पडणाऱ्या माणसाला तेच बंद दार ढकलायचं असतं, हे विसरून फार जोराचा क्लोजर लावू नका.

बसवल्यावरची पहिली मॉक ड्रिल मला नीट आठवते. भोंगा सुरू झाला आणि जिन्यातून वरून खाली थाड थाड असे आवाज आले. घड्याळ लावलं नव्हतं, पण मी मनात सात म्हणेपर्यंत सगळी मिटलेली होती. एक सोडून. पाचव्या मजल्यावर दाराच्या फिरण्याच्या वाटेत सफाईची बादली ठेवलेली होती आणि दार तिच्यावर अडून राहिलं. चुंबकाचा खरा दोष इथे आहे. दार कायम उघडं असल्यामुळे त्याच्या वाटेची जागा लोकांना मोकळी वाटते, मग तिथे कुंडी येते, चपलांचं कपाट येतं. शिवाय क्लोजरमधून तेल गळत असेल किंवा दार फुगून चौकटीला घासत असेल, तरी कोणाला कळत नाही, कारण कोणी ते मिटवतच नाही. रोज मिटणारं दार आपली तक्रार रोज सांगतं. उघड्या दाराचा आजार अलार्मच्या दिवशी कळतो.

त्यावर मी दोन गोष्टी केल्या. दाराच्या फिरण्याची कमान फरशीवर पिवळ्या रंगाने आखून घेतली. पाटीपेक्षा ती जास्त चालते. आणि दर पंधरवड्याला रखवालदार प्रत्येक चुंबकाचं बटण दाबून दार लॅचपर्यंत जातं का ते बघतो आणि वहीत टिपतो. एका दाराखालची फट वाढलेली त्यालाच दिसली. फरशी नवी घालताना सुताराने दाराला खालून रंधा मारला होता. दाराखाली १९ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नसावी, असा अमेरिकी मानकाचा दंडक आहे. आमच्याकडे त्याच्या जवळपास दुप्पट झाली होती. धुराला तेवढी पुष्कळ.

खोटे अलार्म हा दुसरा त्रास, पण मी तो फार मोठा मानत नाही. दारं मिटतात, कोणीतरी जाऊन परत चुंबकाला लावतं. पाचरी शोधत फिरण्यापेक्षा ते परवडतं.

तरीही चुंबक सगळीकडे लावा असं मी म्हणणार नाही. इमारतीला जिना एकच असेल आणि लोक रात्री तिथे झोपत असतील, तर जिन्याचं दार मी अजूनही कायम बंदच ठेवेन. डिटेक्टरच्या त्या मधल्या मिनिटांवर एवढा मोठा डाव लावायची माझी तयारी नाही. घरांच्या मुख्य दारांना चुंबकाचा प्रश्नच नाही. मीटरच्या आणि सामानाच्या खोल्यांची दारं तर बंदच हवीत, तिथे वर्दळच नसते. तुमच्याकडचा अलार्म जुना, अर्धवट चालणारा असेल तर आधी तो सुधारा. त्याशिवाय चुंबक म्हणजे पाचरीचंच महागडं रूप. वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी खोल्यांच्या दारांसाठी तिसराही प्रकार मिळतो: एरवी साध्या दारासारखं हलकं फिरणारं आणि फक्त अलार्मवर मिटणारं. तो मी स्वतः वापरलेला नाही, पण आजींच्या दाराला कदाचित तोच घेतला असता.

आमच्या चौदापैकी सहा दारांना चुंबक लागले, जिथे वर्दळ सगळ्यात जास्त आणि जिथे पाचरी सापडायच्या तिथेच. बाकीची आठ पूर्वीसारखीच क्लोजरवर आहेत आणि तिथे पाचर कधी दिसलीही नव्हती. माझ्यासारखी दोन जिन्यांची, चालत्या अलार्मची इमारत असेल, तर माझं मत तुम्हाला कळलंच आहे. तरी ठरवण्याआधी प्रत्येक दाराजवळ अर्धा तास उभे राहा आणि दाराखाली फरशीवर घासल्याचा पांढुरका पट्टा आहे का ते बघा.

काम देताना दाराच्या दोन्ही बाजूंचे डिटेक्टर आणि हाताने सोडायचं बटण त्याच कामात लिहून घ्या, नाहीतर ते नंतर 'वेगळं काम' होतं. आणि ताब्यात घेताना नुसत्या अलार्मच्या चाचणीवर सही करू नका. चुंबकाची वीज तुमच्यासमोर तोडायला सांगा आणि प्रत्येक दाराशी जाऊन लॅच टक्क वाजून बसल्याचा आवाज ऐका. आमच्याकडे त्या दिवशी सहापैकी दोन दारं बसली नव्हती.