गूगल क्लासरूममधले गुण थेट गुणतक्त्यात: आठ महिने वापरल्यावर

मी सातवीच्या दोन तुकड्यांना गणित शिकवते. 'अ' तुकडीत ५८ मुलं, 'ब' तुकडीत ५४. गेल्या जूनमध्ये ठरवलं, की स्वाध्याय आणि छोट्या चाचण्या गूगल क्लासरूमवर (मुलांना काम देण्याच्या आणि ते तपासण्याच्या गूगलच्या ऑनलाइन वर्गावर) घ्यायच्या आणि तिथले गुण हातानं न उतरवता आपोआप गूगल शीटमधल्या गुणतक्त्यात आणायचे. आता फेब्रुवारी चालू आहे. प्रथम सत्राचा निकाल या पद्धतीनं लागला, दुसऱ्याची तयारी सुरू आहे. असं काही करू पाहणाऱ्या शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सातवीला आकारिक मूल्यमापन, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या कामाचं, ४० गुणांचं आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं, ६० चं. ते ४० गुण एका बैठकीत मिळत नाहीत. तोंडी काम, उपक्रम, चाचणी, स्वाध्याय अशी बरीच साधनं असतात, आणि एका सत्रात एकेका मुलापुढे माझ्या बारा-पंधरा नोंदी होतात. दोन तुकड्या मिळून दीड हजाराच्या आसपास आकडे. पूर्वी ते आधी वहीत, वहीतून कच्च्या तक्त्यात, तिथून शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि शेवटी वर्गशिक्षकांच्या निकालपत्रकात जायचे. म्हणजे एकच आकडा चार वेळा लिहायचा. एखादी ओळ वरखाली झाली की एका मुलाचे १८ दुसऱ्याच्या नावावर जायचे आणि निकालाच्या दिवशीच कळायचं. मला वेळेपेक्षा याचीच धास्ती जास्त होती.

क्लासरूममधून गुण बाहेर काढायची तयार सोय आहे. सगळे गुण एका बटणानं शीटमध्ये कॉपी होतात किंवा सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची) फाइल उतरवून घेता येते. पण ती त्या क्षणाची प्रत असते. उद्या एखाद्याचा गुण बदलला तर शीटला त्याचा पत्ता नसतो, पुन्हा नवी प्रत काढावी लागते. माझी मावसबहीण अमेरिकेत शिकवते. तिकडे इन्फिनिट कॅम्पस, स्कायवर्ड अशा विद्यार्थी-नोंद प्रणाली क्लासरूमला जोडता येतात आणि गुण थेट तिकडे पाठवता येतात. अशा देवाणघेवाणीसाठी वनरोस्टर नावाचं एक ठरलेलं मानकही आहे. आमच्या शाळेच्या सॉफ्टवेअरला यातलं काहीच समजत नाही, ते फक्त स्वतःच्या साच्यातली एक्सेल फाइल घेतं. म्हणून आमच्या संगणकाच्या सरांनी ॲप्स स्क्रिप्टमध्ये, म्हणजे गूगलच्याच प्रोग्रॅम लिहायच्या सोयीत, छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. तो रोज रात्री दोन ते तीनच्या दरम्यान चालतो, क्लासरूममधले गुण वाचतो आणि माझ्या शीटमध्ये भरतो. शाळेकडे गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन या शाळांसाठीच्या गूगल संचाची मोफत फंडामेंटल्स आवृत्ती आहे, तेवढ्यावर हे सगळं चालतं.

पहिल्याच रात्री 'अ' तुकडीतली फक्त ३० मुलं तक्त्यात आली. कोणतीही चूक दाखवली नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. तीस नावं नीट भरलेली आणि खाली मोकळं. कारण साधं निघालं. विद्यार्थ्यांची यादी मागताना एका वेळी किती नावं हवीत हे सांगितलं नाही, तर ३० च मिळतात, आणि पुढची हवी असतील तर पुढचं पान मागावं लागतं. आमच्या प्रोग्रॅमनं ते मागितलंच नव्हतं. सरांनी पाच मिनिटांत दुरुस्त केलं. पण तेव्हापासून तक्त्याच्या वर एक चौकट ठेवली आहे: पटावर किती, तक्त्यात किती. दोन आकडे जुळले नाहीत तर चौकट लाल होते. ज्यांचा पट तीसच्या आत आहे त्यांना हा दोष वर्षभर दिसणारही नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

दुसरा प्रश्न कोणते गुण कोणत्या मुलाचे हे ओळखण्याचा. क्लासरूमच्या आत प्रत्येक मुलाला एक लांबलचक क्रमांक असतो, आपल्याकडे हजेरी क्रमांक असतो. मी आधी हजेरी क्रमांकावर जोडणी केली होती. जुलैमध्ये दोन नवे प्रवेश झाले, हजेरी पुन्हा लावली आणि निम्म्या वर्गाचे क्रमांक सरकले. नशिबानं तेव्हा तक्त्यात एकच चाचणी होती. मग जनरल रजिस्टर क्रमांक, म्हणजे प्रवेशाच्या वेळी शाळेच्या नोंदवहीत मिळतो तो, धरला. शाळेनं मुलांना दिलेल्या ईमेलमध्येच तो आहे आणि मूल शाळा सोडेपर्यंत बदलत नाही. नावावरून तर कधीच जोडू नका. एकाच आडनावाच्या, एकाच नावाच्या दोन मुली माझ्याच वर्गात आहेत.

तरी एक गोष्ट कोणताही क्रमांक पकडू शकत नाही. एका मुलाच्या घरात फोन एकच, तो आईचा. मोठा भाऊ सातवीत, धाकटी पाचवीत. तिच्या वर्गाचा स्वाध्याय भावाच्या खात्यातून पाठवला गेला आणि मला अपूर्णांकांच्या जागी पाढे मिळाले. हे तपासणाऱ्या माणसालाच कळतं.

आता कच्च्या-पक्क्या गुणांबद्दल. क्लासरूममध्ये आपण गुण लिहिला की तो आधी मसुदा असतो, मुलाला दिसत नाही. 'रिटर्न' केलं की तो पक्का होतो. प्रोग्रॅमला हे दोन्ही गुण वेगवेगळे वाचता येतात. आम्ही सुरुवातीला मसुदाही घेत होतो, तक्ता ताजा राहील या हौसेपोटी. मी पेपर तपासताना आधी पायऱ्यांचे गुण देते, मग सगळा वर्ग बघून पुन्हा एकदा फिरते. मधल्या रात्री ते अर्धवट आकडे तक्त्यात आले आणि वर्गशिक्षकांनी पालकांना तेच सांगितले. दुसऱ्या दिवशी तीन मुलांचे गुण वाढले, एकाचा कमी झाला. ज्याचा कमी झाला त्याच्या वडिलांना काय वाटलं असेल? त्या दिवसापासून फक्त रिटर्न केलेला गुण घेतो. यात एक खाच आहे. परत दिलेला गुण नंतर बदलला तर तो पुन्हा रिटर्न करेपर्यंत जुनाच पक्का राहतो. शीटमध्ये बदल दिसत नसेल तर आधी हे तपासा.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती. रिकामी जागा आणि शून्य.

माझ्या वर्गातली एक मुलगी ऑगस्टमध्ये डेंग्यूनं आजारी पडली. जवळजवळ तीन आठवडे शाळेत नव्हती. त्या काळातल्या चार नोंदी तिच्या नावापुढे नव्हत्या. क्लासरूममध्ये गुण दिलेला नसेल तर प्रोग्रॅमला शून्य मिळत नाही, काहीच मिळत नाही. म्हणजे माझ्या शीटमध्ये जागा बरोबर रिकामी होती. पण ती फाइल शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवली तेव्हा त्यानं प्रत्येक रिकाम्या चौकटीत शून्य भरलं. सूचना नाही, विचारणा नाही. आकारिकच्या ४० पैकी तिला ११ दिसू लागले. पालकसभेत तिची आई तो कागद हातात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, दवाखान्यात असताना बी पोरगी वही मागत हुती." मला खूप वाईट वाटलं. मी त्या मुलीला एकाही गोष्टीत शून्य दिलेलं नव्हतं. तरी शाळेच्या कागदावर माझ्या विषयापुढे ते लिहिलेलं होतं.

त्या आठवड्यात तिची राहिलेली कामं मी मधल्या सुट्टीत तोंडी आणि फळ्यावर करून घेतली, गुण नोंदवले, कागद बदलून दिला. आणि तक्त्याची रीत बदलली. आता एकही चौकट रिकामी ठेवत नाही. 'गै' म्हणजे मूल गैरहजर होतं, पुन्हा घ्यायचं आहे. 'बा' म्हणजे काम आलेलं नाही, मागायचं आहे. ० फक्त तेव्हाच, जेव्हा मुलानं काम दिलं, मी ते पाहिलं आणि गुण देण्यासारखं काही नव्हतं. ज्या ओळीत एक जरी 'गै' किंवा 'बा' असेल त्या ओळीची बेरीजच होत नाही, तिथे 'अपूर्ण' येतं. सॉफ्टवेअरसाठीची फाइल तयार करणारं पान अशी एकही ओळ शिल्लक असेल तर तयार होत नाही. सत्राच्या शेवटी यामुळे मला अकरा मुलांच्या मागे लागावं लागलं. लागले. ते माझं कामच आहे.

अपूर्णांकांनीही एकदा घोळ घातला. तीन नोंदी प्रत्येकी ७.५ असतील तर बेरीज २२.५, म्हणजे २३. प्रत्येक नोंद आधी पूर्णांकात केली तर ८ अधिक ८ अधिक ८, म्हणजे २४. एक गुण हवेतून आला. आणि श्रेणी लावताना ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१. मग ८०.५ कुठे जातो? सूत्र ८१ ची पायरी शोधतं, ती सापडत नाही आणि ब-१ देतं. म्हणून मधे कुठेही पूर्णांक करायचा नाही, शेवटच्या बेरजेला एकदाच करायचा आणि श्रेणी त्यानंतर काढायची. दोन्ही तुकड्यांना एकच नियम.

तोंडी कामाचे गुण क्लासरूममध्ये कसे येणार, असं बऱ्याच जणी विचारतात. मी 'तोंडी काम १' नावाचं असाइनमेंट करते, त्याला काही जोडत नाही, शेवटची तारीख घालत नाही, म्हणजे मुलांना ते 'मिसिंग' (न दिलेलं काम) दिसत नाही. वर्गात फिरताना फोनवर तिथेच गुण भरते आणि रिटर्न करते. सगळं एकाच वाटेनं येतं. गूगल फॉर्मवरच्या बहुपर्यायी चाचणीचे गुणही क्लासरूममध्ये ओढता येतात, मात्र असाइनमेंटला तो एकच फॉर्म जोडलेला हवा, ईमेल नोंदवणं चालू हवं आणि एका मुलाला एकच उत्तर पाठवता यायला हवं.

शीटमध्ये गुण बदलला तर तो उलट क्लासरूममध्ये जात नाही. क्लासरूममध्ये हातानं तयार केलेल्या कामाचे गुण बाहेरच्या प्रोग्रॅमला बदलताच येत नाहीत. सरांना हे अडचणीचं वाटलं, मला आधाराचं वाटतं. गुण बदलायची जागा एकच राहते, आणि ती मुलाच्या कामाशेजारी. शीटमधले ते रकाने कुलूपबंद आहेत. शीट फक्त वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांना दिसते. लिंक असणाऱ्या कोणालाही दिसेल अशी ती कधीच ठेवू नका, ते मुलांचे गुण आहेत.

वेळेचं सांगायचं तर प्रथम सत्राला पूर्वी दोन संध्याकाळी आणि एक रविवार जायचा. यंदा अर्धा तास लागला, तोही बहुतेक 'गै' आणि 'बा' बघण्यात. ज्या शाळेत मुलांची शाळेची खाती नाहीत, स्वाध्याय व्हॉट्सॲपवर येतो, तिथे मात्र यात पडू नये. ओळखच पक्की नसेल तर चुका वेगानं होतील एवढंच.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी तक्ता छापते आणि प्रत्येक मुलाची ओळ कापून त्याच्या हातात देते. मुलं ती आपल्या वहीशी ताडून बघतात आणि मागे सही करतात. ऑक्टोबरात एक मुलगा पट्टी घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, प्रकल्पाला मला नऊ नाहीत, सहा आहेत." मी पाहिलं. फोनवर गुण भरताना माझंच बोट खालच्या नावाऐवजी वरच्यावर पडलं होतं. नऊ ज्याचे होते तो त्याच्याच शेजारच्या बाकावर बसतो. दोघांचे गुण तिथेच दुरुस्त करून रिटर्न केले, आणि सोमवारी दोघांनाही नव्या पट्ट्या दिल्या.