डिओर की एनएक्स ईगल? आधी मागचं चाक काढा

मधल्या किमतीत एमटीबीचे (डोंगरवाटांच्या सायकलचे) गिअर बदलायचे म्हटले की गाडी बहुतेक वेळा शिमानो डिओर एम६१०० आणि स्रॅम एनएक्स ईगल या दोघांपाशी येऊन थांबते. दोन्ही १२ स्पीड, दोन्हींना पुढे एकच चेनरिंग (पॅडलपाशी असलेलं दातेरी चाक). पण डिरेल्युअर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) बघण्याआधी मागचं चाक काढून फ्रीहब, म्हणजे हबवरचा ज्यावर मागचे गिअर बसतात तो भाग, बघा. खरा खर्च तिथे ठरतो. डिओरची १०-५१ कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच; सर्वांत लहान चकतीला १० दाते, मोठीला ५१) मायक्रो स्प्लाइन या नव्या खाचांच्या फ्रीहबवरच बसते. एनएक्सची ११-५० जुन्या एचजी फ्रीहबवर बिनतक्रार चढते. तुमच्या हबला मायक्रो स्प्लाइनची बॉडी मिळत नसेल, तर डिओरपायी हब, कधीकधी अख्खं चाक नवं घ्यावं लागतं.

बॉडी मिळत असेल तर मी डोळे झाकून डिओर घेईन, आणि त्याचं कारण चढावर आहे. एनएक्समध्ये ४२ दात्यांवरून चेन थेट ५० वर जाते, म्हणजे १९ टक्क्यांची उडी. डिओरमध्ये ४५ वरून ५१, जेमतेम १३ टक्के. वाचताना हा फरक किरकोळ वाटतो. पण धाप लागलेली असते, पाय कसेबसे एका लयीत फिरत असतात आणि आपण अंगठ्याने शेवटचा गिअर टाकतो. ४२-५० च्या उडीत पाय क्षणभर मोकळे फिरतात, सायकल तेवढ्यात मंदावते आणि लय जाते. ४५-५१ मध्ये पायाला बदल जाणवतो, पण ताल सुटत नाही. शिवाय डिओरच्या कॅसेटवरच्या ‘हायपरग्लाइड प्लस’ दात्यांची घडणच अशी की पॅडलवर जोर असतानाही चेन कडाडत नाही.

एनएक्सची एक सोय मला मनापासून आवडते: केज लॉक. केज (डिरेल्युअरचा चेन ताणून धरणारा हात) पुढे ओढून बटण दाबलं की तो तिथेच अडकतो आणि चाक आरामात निघतं. डिओरमध्ये क्लचचा (केज घट्ट धरून चेन उडू न देणाऱ्या भागाचा) खटका बंद करावा लागतो, आणि चाक बसवल्यावर तो पुन्हा चालू करायचा राहून गेला तर पहिल्याच खडकाळ उतारावर चेन फ्रेमवर आपटायला लागते. मात्र एनएक्सचा बी-गॅप (डिरेल्युअरचं वरचं चाक आणि कॅसेट यांतलं अंतर) जरा हलला तरी शिफ्टिंग कुरकुरतं.

एचजी फ्रीहबच ठेवायचा असेल तरी माझं मत एनएक्सला नाही. ११ स्पीडची डिओर एम५१०० घ्या. तिची ११-५१ कॅसेट त्याच फ्रीहबवर बसते आणि वरचे ३९-४५-५१ हे टप्पे एम६१०० सारखेच आहेत. एक गिअर कमी आहे याची आठवणही होत नाही. एम६१०० घेतलीत आणि हातात थोडे पैसे उरले, तर फक्त शिफ्टर एसएलएक्सचा (डिओरच्या वरच्या शिमानो मालिकेचा) लावा; शिमानोच्या १२ स्पीडमध्ये तो बिनदिक्कत जुळतो.

ब्रेकमध्ये डिओरचे दोन कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) आहेत: एम६१०० दोन पिस्टनचा, एम६१२० चार पिस्टनचा. लीव्हर दोन्हींना तोच चालतो. लांब उतार असतील तर पुढे तरी चार पिस्टन हवेतच. शिमानोचा लीव्हर झटकन पकड घेतो, स्रॅमच्या गाइड ब्रेकमध्ये जोर हळूहळू वाढतो. ज्याची त्याची आवड. तेलाचं मात्र तसं नाही. शिमानोत मिनरल ऑइल, गाइडमध्ये डॉट ५.१ हे ब्रेक फ्लुइड. डॉट हवेतली ओल शोषतं, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावं लागतं. स्रॅमचाच डीबी८ हा ब्रेक मात्र मिनरल ऑइलवर चालतो. एकाचं तेल दुसऱ्यात गेलं की सील फुगतात आणि ब्रेक कामातून जातो.

ब्रेकचा जोर कमी वाटतो म्हणून कॅलिपर बदलण्याआधी डिस्क उलटसुलट करून नीट वाचा. स्वस्त डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं कोरलेलं असतं. मी ते न वाचता धातूचे पॅड लावले होते. काही आठवड्यांतच डिस्कच्या कडेला नख अडकेल इतकी खाच पडली, आणि नवे पॅडही वाया गेले. धातूचे पॅड चालणारी डिस्क घ्या, आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) परवानगी देत असेल तर पुढे १८० ऐवजी २०३ मिलिमीटरची.